कर्जाचे खत नवे करताना

मे १८७५मध्ये पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या गावागावांत शेतकऱ्यांचे जमाव सावकारांच्या दारात उभे राहिले, तेव्हा त्यांना मुख्यतः कागद हवे होते. १२ मे रोजी भीमथडी तालुक्यातल्या सुप्याच्या बाजारपेठेत पहिला उठाव झाला. तिथे दुकाने फुटली, धान्यही लुटले गेले. पण पुढे ज्या बहुतेक गावांत हे लोण पोचले, तिथे मागणी एकच होती : आमची खते आणि कोर्टाचे हुकूमनामे बाहेर काढा. सावकाराने ते मुकाट्याने आणून दिले तर चौकात त्यांची होळी व्हायची आणि जमाव पांगायचा. त्याने नकार दिला तरच हाणामारी, जाळपोळ. चौकशीसाठी नेमलेल्या आयोगाने ही गोष्ट मुद्दाम नोंदवली. दंगलीच्या पाच महिने आधी, डिसेंबर १८७४मध्ये, शिरूर तालुक्यातल्या करडे गावात एका सावकाराने दीडशे रुपयांच्या कर्जापायी हुकूमनामा मिळवून गावच्या देशमुखाचे राहते घर पाडले होते, आणि त्यावरून गावाने सावकारांवर बहिष्कार टाकला होता. घर पाडणारा माणूस डोळ्यांसमोर होता, तरी लोकांचा राग शेवटी जाऊन पोचला तो कागदावर. आपल्याला बुडवले ते या कागदाने, आणि तेही एकदा लिहिलेल्या नव्हे तर पुन्हा पुन्हा नव्याने लिहिलेल्या कागदाने, हे त्यांनी नेमके ओळखले होते. गृहकर्ज दुसऱ्या बँकेत न्यावे, की आहे तिथेच ठेवून हप्ता नव्याने बांधून घ्यावा, हा आजच्या हजारो घरांतला प्रश्न व्याजदराचा म्हणून विचारला जातो. या प्रदेशाच्या कर्जाचा इतिहास वाचला की तो आधी कागदाचा आणि मुदतीचा प्रश्न वाटू लागतो.

ते खत कसे असे, हे जवळून पाहण्यासारखे आहे. स्टँपाचा कागद, वर धनकोचे नाव, खाली ऋणकोचे. अमुक इतके रुपये रोख मिळाले, दर शेकडा दरमहा अमुक व्याज, मुदत अमुक, आणि मुदतीत न फेडल्यास घर, जमीन, बैल यांवर वसुली. लिहिणारा गावातला कारकून किंवा सावकाराचा गुमास्ता. ज्याने कर्ज घेतले त्याला अक्षर येत नसे, म्हणून सहीच्या जागी तो नांगराचे चित्र काढी आणि शेजारी कोणीतरी लिही : निशाणी नांगर. ‘रोख मिळाले’ असे लिहिलेल्या रकमेतून मनोती, म्हणजे कर्ज देण्याबद्दल सावकाराने घ्यायची कपात, आधीच वळती केलेली असे. मधूनमधून दिलेले पैसे किंवा धान्य खताच्या पाठीवर ‘वसूल’ म्हणून लिहायचे, पण ते लिहिणे सावकाराच्या हाती. पावती देण्याची रीत जवळजवळ नव्हतीच. मग मुदत भरत आली की सावकार म्हणे, खत नवे करून दे. जुने मुद्दल आणि त्यावर चढलेले व्याज यांची बेरीज व्हायची, ती नव्या खतात ‘मुद्दल’ म्हणून उतरायची, जुने खत फाडले जायचे, आणि खाली पुन्हा एक नांगर. शेतकऱ्याच्या हाती या व्यवहारात एक पैही नवी येत नसे. जुने खत फाटले म्हणजे जुने कर्ज मिटले, असे त्याला त्या घटकेला वाटत असणार. प्रत्यक्षात मिटलेली असे ती जुन्या कर्जाची आठवण. किती घेतले, कधी घेतले, किती फेडले, या सगळ्याचा पुरावा त्या फाटलेल्या कागदाबरोबर जाई.

असे होऊ नये म्हणून आपल्याकडे फार जुना बांध होता. दामदुप्पट. एका वेळी वसूल करायचे व्याज मुद्दलापेक्षा जास्त असू नये, हा हिंदू धर्मशास्त्रातला नियम इंग्रजी अमलातही मुंबई इलाख्याच्या न्यायालयांनी पाळला. १८२७च्या मुंबईच्या कायद्याने न्यायालयातून वसूल होणाऱ्या व्याजाला वार्षिक शेकडा १२ची मर्यादा घातली होती. १८५५मध्ये व्याजाच्या मर्यादा उठवल्या गेल्या, तरी दामदुप्पट टिकला. १८५९मध्ये आणखी एक कायदा आला, मुदतीचा. साध्या खतावर तीन वर्षांच्या आत दावा केला नाही तर ते खत कालबाह्य. हेतू चांगला होता. शिळ्या कर्जाचे भूत कुळाच्या मानेवर कायम बसू नये. पण दोन चांगले नियम शेजारी शेजारी ठेवले आणि त्यांच्या फटीतून सगळे वाहून गेले. तीन वर्षांत एकतर दावा करायचा किंवा खत नवे करून घ्यायचे, असे दोनच मार्ग सावकारापुढे उरले, आणि दुसरा मार्ग त्याच्या सोयीचा होता. हिशेब करून पाहावा. १०० रुपये, दरमहा शेकडा २ रुपये व्याज. तीन वर्षांत व्याज ७२. हे शंभराच्या आत आहे, म्हणजे दामदुप्पट मोडला नाही. नवे खत १७२ रुपयांचे. आणखी तीन वर्षांनी ते जवळपास २९६चे, नवव्या वर्षी ५०९चे, बाराव्या वर्षी ८७५चे, अठराव्या वर्षी २,५८९चे. यातले प्रत्येक खत सुटे घेतले तर त्यावरचे व्याज मुद्दलाहून कमीच आहे. दामदुप्पटीचा नियम एकदाही मोडला नाही आणि शंभराचे अडीच हजार झाले. शंभर रुपयांच्या कर्जावर दोन हजारांहून अधिक व्याज आकारल्याचे उदाहरण आयोगाच्या अहवालात आहे. ते अतिशयोक्तीचे वाटते, पण केवळ खते नवी करत गेल्याने तिथवर पोचता येते, त्यासाठी वेगळी लबाडी लागत नाही. लबाडी होतीच, हा भाग निराळा.

यावर एक रास्त आक्षेप आहे. दख्खनचा शेतकरी कर्जात बुडाला तो खताच्या भाषेमुळे नव्हे. त्याची कारणे मोठी होती. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे १८६१ ते १८६५ या काळात इथल्या कापसाला सोन्याचा भाव आला, सावकारांनी हात सैल सोडला, आणि युद्ध संपताच भाव कोसळले. त्याच सुमारास इंदापूरपासून तीस वर्षांच्या जमाबंदीची मुदत संपून नवी, चढी आकारणी सुरू झाली. पाऊस बेभरवशाचा होताच. हे सगळे खरे आहे, आणि सरकारने आपल्या जमीनसाऱ्याचा दोष सावकाराच्या पदरात घालायचा प्रयत्न केला हेही खरे आहे. पण या कारणांनी माणूस कर्ज का काढतो हे कळते, ते फेडूनही का फिटत नाही हे कळत नाही. दुष्काळाचे वर्ष सरते, पुढच्या वर्षी पीक येते, कुणबी धान्य घेऊन सावकाराच्या ओट्यावर जातो. ते धान्य मुद्दलाला लागते की नुसते व्याजाच्या पोटात जाते, हे पावसावर किंवा लिव्हरपूलच्या कापूसबाजारातल्या भावावर ठरत नाही. ते खतावर ठरते. अडचण माणसाला सावकाराच्या दारात नेत होती आणि खत त्याला तिथून परत येऊ देत नव्हते.

या निदानाला सर्वांत चांगला दाखला १८७९च्या दख्खन शेतकरी कायद्याचा. पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या चार जिल्ह्यांसाठी केलेल्या या कायद्याचा गाभा मला आजही धाडसी वाटतो. करार म्हणजे करार, सही केली म्हणजे संपले, या तत्त्वावर चालणाऱ्या इंग्रजी न्यायालयाला त्याने सांगितले की समोरच्या खतावर थांबू नका, मागे जा. पहिला व्यवहार कधी झाला, खरोखर हातात किती पडले, इथून सुरुवात करा. मुद्दलाचा हिशेब वेगळा मांडा, व्याजाचा वेगळा. आणि मधल्या खतांत मुद्दल म्हणून मिसळलेले व्याज सहसा मुद्दलात धरू नका. फाटलेली खते कायद्याने एका अर्थी पुन्हा जोडायला घेतली. नव्या खतांसाठी गावोगाव नोंदणी अधिकारी नेमले, पावती देणे सावकारावर बंधनकारक केले, खात्याचा उतारा मागण्याचा हक्क कुळाला दिला. मुदतीचा कायदाही इथे बदलला : नोंदवलेल्या खताला १२ वर्षे, इतरांना ६, म्हणजे दर तीन वर्षांनी खत नवे करण्याची सबब गेली. आणि रक्कम निश्चित झाल्यावर ती एकदम वसूल न करता कुळाच्या ऐपतीप्रमाणे हप्ते बांधून देण्याचा अधिकार न्यायाधीशाला मिळाला. आजच्या शब्दांत सांगायचे तर, कायद्याने कर्ज बदलले नाही, धनको बदलला नाही. आहे त्याच कर्जाचा इतिहास कायम ठेवून उरलेल्या मुद्दलाचा हप्ता पुन्हा बांधला.

या कायद्याने पत आटली, सावकारांनी हात आखडता घेतला, आणि गहाणखताऐवजी सरळ खरेदीखत लिहून घेण्याची वाट शोधली, अशी टीका तेव्हाही झाली. टीकेत तथ्य आहे. जमीन प्रत्यक्षात गहाणच, पण कागदावर विक्री. पैसे दिले तर परत करू हे फक्त तोंडी. पुढे कायद्यात दुरुस्ती करून खरेदीखतामागे गहाण दडले आहे का, हे तपासण्याची मुभा न्यायालयाला द्यावी लागली. पण या टीकेतूनच मूळ मुद्दा अधिक ठसतो. सावकारांनी व्याजाचा दर वाढवण्यावर भागवले असते तर त्यांना नवा कागद शोधावा लागला नसता. ज्या क्षणी खत नवे करून हिशेब पुसणे अवघड झाले, त्या क्षणी ते दुसऱ्या प्रकारच्या कागदाकडे वळले. त्यांचे बळ दरापेक्षा त्या कागदात होते.

म्हणजे जुने कर्ज फेडण्यासाठी नवे कर्ज काढणे हेच वाईट का? तसे नाही, आणि त्या काळच्या विचारी माणसांनाही तसे वाटत नव्हते. १८८०च्या दशकाच्या सुरुवातीला मुंबई इलाख्यातले सनदी अधिकारी विल्यम वेडरबर्न यांनी पुण्यातल्या पुढाऱ्यांच्या साथीने शेतकी बँकेची योजना मांडली. प्रयोगासाठी पुरंदर तालुका निवडला होता. योजनेतली सर्वांत महत्त्वाची पायरी बँक उघडण्याच्या आधीची होती : तालुक्यातल्या जुन्या कर्जांची तडजोडीने तपासणी करायची, प्रत्येकाचे खरे देणे ठरवायचे, ते सावकारांना चुकते करायचे आणि मगच शेतकऱ्याने कमी व्याजाच्या नव्या कर्जाला बँकेचे कूळ व्हायचे. हिंदुस्थान सरकारने योजना उचलून धरली. लंडनमध्ये भारतमंत्र्यांनी ती नाकारली. पुरंदरच्या शेतकऱ्याला ती बँक मिळाली नाही, याची हळहळ आजही वाटते, कारण या योजनेत क्रम बरोबर होता. आधी जुन्या देण्याचा हिशेब, मग नवे कर्ज. महादेव गोविंद रानडे यांनी याच १८७९च्या कायद्याखाली विशेष न्यायाधीश म्हणून चार जिल्ह्यांतले खटले वर्षानुवर्षे पाहिले आणि १८९१मध्ये पुण्याच्या औद्योगिक परिषदेत स्थावराच्या तारणावरच्या पतपुरवठ्याची फेरमांडणी कशी करावी यावर निबंध वाचला. स्वस्त आणि लांब मुदतीचे कर्ज त्यांना हवे होते. युरोपातल्या जमीनतारण बँका त्यांच्यासमोर होत्या. लांब मुदतीला त्यांचा विरोध नव्हता. पण त्या बँकांच्या पद्धतीत प्रत्येक हप्त्याबरोबर मुद्दलाचा ठरलेला तुकडा खाली येत असे आणि शेवटचा हप्ता कधी, हे पहिल्या दिवशी ठरलेले असे.

ही हप्त्याची पद्धत आपल्याकडे घरांसाठी रुळायला मात्र बराच काळ जावा लागला. १९४६च्या मुंबई सावकारी कायद्याने दामदुप्पट कलमात आणला, शेतकरी कर्जनिवारणाचे कायदे आले, भूविकास बँका आल्या. पण नोकरदार माणूस घर बांधायचा तो भविष्य निर्वाह निधीतून, बायकोच्या दागिन्यांतून आणि निवृत्तीच्या पैशांतून. हसमुखभाई पारेख यांनी १९७७मध्ये मुंबईत एचडीएफसी स्थापन केली आणि पुढच्या वर्षापासून घरासाठी कर्जे दिली जाऊ लागली, तेव्हा कमावत्या वयात घर घेऊन पगारातून हप्ते भरण्याची वाट खऱ्या अर्थाने मध्यमवर्गाला खुली झाली. त्यानंतर व्याजदर तरता, म्हणजे मुदतीत बदलणारा, झाला आणि दर ठरवण्याची फूटपट्टी वारंवार बदलली : २००३मध्ये बीपीएलआर, जुलै २०१०पासून बेस रेट, एप्रिल २०१६पासून एमसीएलआर, ऑक्टोबर २०१९पासून रेपोसारख्या बाहेरच्या दराशी जोडणी. दर वेळी नव्या ग्राहकाला नवी फूटपट्टी मिळाली. जुना ग्राहक स्वतः अर्ज करून, शुल्क भरून बदलून घेईपर्यंत जुन्यावरच राहिला. बॅलन्स ट्रान्सफरचा, म्हणजे चालू कर्ज दुसऱ्या बँकेत हलवण्याचा, धंदा या फरकातून वाढला. २०११मध्ये गृहवित्त कंपन्यांना आणि २०१२मध्ये बँकांना तरत्या दराच्या गृहकर्जावर मुदतपूर्व फेडीचा दंड घ्यायला मनाई झाली, आणि कर्ज उचलून दुसरीकडे नेण्याचा रस्ता मोकळा झाला. ही सुधारणा ग्राहकाच्या हिताचीच होती.

पण या सगळ्या काळात एक सवय फारशी चर्चा न होता रुजली. दर वाढला की हप्ता तोच ठेवायचा आणि मुदत वाढवायची. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या नऊ-दहा महिन्यांत रेपो दर ४ टक्क्यांवरून ६.५ टक्क्यांवर गेला. ४० लाखांचे कर्ज ७ टक्क्यांनी २० वर्षांसाठी घेतले तर हप्ता सुमारे ३१,०१२ रुपये होतो. सुरुवातीलाच दर ९ टक्के झाला आणि हप्ता तेवढाच ठेवला तर २४० महिन्यांचे कर्ज ४५८ महिन्यांचे होते. महिन्याचे व्याजच ३०,००० असते, मुद्दलाला उरतात हजार रुपये. बँका निवृत्तीच्या वयाकडे पाहून मुदत इतकी ताणू देत नाहीत, म्हणून काहींचे हप्तेही वाढवावे लागले. तरी अनेकांना हप्ता न बदलल्याने आपले काही बदलले आहे हे कळलेच नाही. रिझर्व्ह बँकेला १८ ऑगस्ट २०२३ रोजी सांगावे लागले की दर बदलताना ग्राहकाला हप्ता वाढवणे, मुदत वाढवणे, दोन्ही थोडे थोडे करणे किंवा स्थिर दराकडे जाणे यांतले पर्याय द्यावेत, रकमेचा काही भाग किंवा सगळी रक्कम आधी फेडू द्यावी, आणि व्याजसुद्धा न भागवणारा हप्ता ठेवू नये. शेवटची अट वाचताना १८७९च्या कायद्यातला व्याज मुद्दलात न मिसळण्याचा दंडक आठवतो.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. ४० लाखांचे २० वर्षांचे कर्ज ९ टक्क्यांनी, हप्ता ३५,९८९. पाच वर्षे नियमित भरल्यावर सुमारे २१.६ लाख रुपये गेलेले असतात आणि शिल्लक असते सुमारे ३५.४८ लाख, म्हणजे मुद्दलातून कमी झाले ते साडेचार लाख. दुसरी बँक ८.२५ टक्के देते आणि नेहमीप्रमाणे पुन्हा २० वर्षांची मुदत मांडते. हप्ता ३०,२३४ होतो, घरात समाधान होते. पण उरलेली १५ वर्षे जुन्याच ९ टक्क्यांनी भरली असती तर ६४.८ लाख भरावे लागले असते, आणि या नव्या, स्वस्त कर्जात भरावे लागतात ७२.६ लाख. दर पाऊण टक्क्याने खाली आला आणि भरायची रक्कम पावणेआठ लाखांनी वर गेली. तीच बँक, तोच ८.२५ टक्के दर, पण मुदत १५ वर्षेच ठेवली तर हप्ता ३४,४२३ आणि एकूण ६२ लाखांच्या आत; प्रोसेसिंग फी, वकिलाचा शोध अहवाल, मुद्रांक वजा जाऊनही बरेच वाचतात. याउलट कर्ज न हलवता ५ लाख रुपये मुद्दलात भरले आणि उरलेल्या १५ वर्षांसाठी हप्ता नव्याने बांधून घेतला, तर हप्ता ३०,९१८ होतो. दुसऱ्या बँकेच्या २० वर्षांच्या कर्जाइतकाच जवळपास, पण कर्ज पाच वर्षे आधी संपते. आणि ५ लाख भरूनही हप्ता जुनाच ठेवला तर १८० महिन्यांचे १३५ होतात.

आजची बँक म्हणजे सावकार नव्हे, असे कोणी म्हणेल. बरोबर आहे, आज व्याज घटत्या शिल्लकीवर लागते, प्रत्येक हप्त्याची नोंद असते, उतारा मागता येतो, आणि नवे खत कोणी जबरदस्तीने लिहून घेत नाही. सावकाराचे मुद्दल प्रत्येक खताबरोबर फुगत होते. इथे ते फुगत नाही. साम्य आहे ते घड्याळात. कर्जाची पहिली वर्षे व्याजात जातात आणि शेवटची मुद्दलात, म्हणून पाच वर्षे भरल्यावर माणूस उताराच्या बाजूला लागलेला असतो. पुन्हा २० वर्षे घेतली की तो चढाच्या पायथ्याशी येतो. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे : वीस वर्षांनंतरचा रुपया आजच्या रुपयाइतका मोलाचा नसतो, त्यामुळे नुसत्या बेरजा करून दोन कर्जांची तुलना चुकीची ठरते, आणि हप्त्यातून दरमहा वाचलेले पावणेसहा हजार गुंतवले तर चित्र पालटते. हिशेब म्हणून हे मान्य केले पाहिजे. जो खरोखर ते पैसे दरमहा बाजूला टाकेल, किंवा ज्याच्या घरी आजारपण आहे, नोकरी डळमळीत आहे आणि ज्याला महिन्याकाठी श्वास घ्यायला जागा हवी आहे, त्याने मुदत वाढवण्यात गैर काही नाही. पाच लाख हाती असून ते मुद्दलात घातल्यावर ज्याच्या घरात सहा महिन्यांचा खर्चही उरत नसेल, तर त्यानेही थांबावे. पण ही निवड डोळे उघडे ठेवून केलेली असावी, नुसता हप्ता पाहून नव्हे. नांगराची निशाणी करणाऱ्याला आकडा वाचता येत नव्हता, आपल्याला येतो.

कर्ज हलवण्याआधी जुन्या बँकेकडे दर कमी करून मागावा, तो पुष्कळदा थोड्या शुल्कात मिळतो, आणि मग जुने कर्ज, जुनी मुदत, तारणाचे कागद सगळे जागच्या जागी राहते. नाहीच मिळाला आणि पुष्कळ वर्षे बाकी असतील, तर नव्या बँकेत जरूर जावे. तिथल्या अर्जात रकमेच्या शेजारी मुदतीचा एक रकाना असतो, महिन्यांत भरायचा. विक्री प्रतिनिधी तिथे २४० सुचवतो. १८० लिहिता येते.